न्यूग्रेंज : एका दिवसाच्या टूरमध्ये आईला आतपर्यंत नेता येईल का?

नमस्कार मंडळी,

मी नोकरीसाठी डब्लिनला असते. मे महिन्यात आई येतेय, पहिल्यांदाच. वय ७१, गुडघे कुरकुरतात, पण हौस दांडगी. काय काय बघायचंय असं विचारलं तर एकच नाव घेतलं : न्यूग्रेंज, म्हणजे इथला प्राचीन समाधीचा मोठा ढिगारा, ज्याच्या पोटात दगडी वाट आणि दालन आहे. आई कोल्हापूरची. अंबाबाईचा किरणोत्सव, मावळतीची किरणं देवीच्या पायांपासून वर चढतात तो सोहळा, तिने लहानपणापासून पाहिलाय. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी उगवतीचा झोत न्यूग्रेंजच्या थेट गाभ्यात जातो, असं मी तिला फोनवर सांगितलं होतं. तेव्हापासून ते तिच्या मनात बसलंय.

माझ्याकडे गाडी नाही, म्हणून डब्लिनहून सकाळी निघून संध्याकाळी परतणारी टूर घ्यायची आहे. पण ऑफिसातली एक मैत्रीण गेल्या वर्षी अशाच टूरला गेली आणि ढिगारा बाहेरूनच बघून परत आली. जाहिरातीत न्यूग्रेंजचं नाव होतं, आत जाणं त्या पैशांत नव्हतं. आईच्या बाबतीत असं झालं तर मला फार लागेल.

तर विचारायचंय ते असं. आत जाणं नक्की आहे हे बुकिंगआधी कसं ओळखायचं? वाट किती अरुंद आहे, वाकून किती चालावं लागतं? आणि मे महिन्यात तो प्रकाश दिसणार नाहीच, तर आईचा हिरमोड होईल का?

प्रतिसाद

ताई, मी आईबाबांना घेऊन दोनदा गेलोय. आधी तिकिटाचं. बॉइन नदीच्या खोऱ्यातल्या या जागांवर परस्पर जाता येत नाही. सगळ्यांना नदीच्या दक्षिणेकडच्या ब्रू ना बोन्या या पर्यटक केंद्रातूनच जावं लागतं. तिथून पादचारी पूल ओलांडायचा आणि त्यांच्या बसने ढिगाऱ्यापाशी पोचायचं. तिकिटांचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि न्यूग्रेंजच्या आतल्या दालनाचं तिकीट निराळं असतं. टूरवाल्यांना ईमेलने सरळ विचारा, 'दालनात प्रवेश धरलाय का?' उत्तर लेखी घ्या. 'भेट समाविष्ट' एवढंच म्हणाले तर पैसे भरू नका. जोडीला नाउथ हा जवळचाच तसाच ढिगारा दाखवतात. तिथल्या बोगद्यांत शिरता येत नाही, पण भोवतीच्या दगडांवरचं कोरीवकाम डोळे भरून बघा.

आता वाट. लांबी सुमारे १९ मीटर. दाराशी लाकडी पायऱ्या आहेत, कारण समोरच वलयं कोरलेली प्रसिद्ध शिळा आडवी पडलीय. आत काही ठिकाणी दोन्ही बाजूंचे दगड इतके जवळ येतात की अंग चोरून, थोडं वाकून जावं लागतं. जमीन हळूहळू चढत जाते. आईंना सांगा की या चढातच सगळी करामत आहे. दालनाची जमीन दाराच्या वरच्या छोट्या झरोक्याच्या पातळीला येते. म्हणून दारातून शिरलेला उजेड अर्ध्या वाटेत थांबतो आणि झरोक्यातला पार आत पोचतो. इसवीसनपूर्व ३२०० च्या सुमारास, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधी, हे कुणीतरी नीट मांडून बांधलं! पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ'केली यांनी १९६२ पासून इथे उत्खनन केलं आणि १९६७ च्या २१ डिसेंबरला तो प्रकाश आत उभं राहून पाहिला. साधारण १७ मिनिटं टिकतो.

मे महिन्यातही हिरमोड होणार नाही. आत गेल्यावर दिवे मालवतात आणि विजेच्या दिव्याने तसाच झोत सोडून दाखवतात. माझ्या बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. डिसेंबरातल्या खऱ्या सकाळी आत जायला सोडत असते, आणि नाव निघालं तरी ढग आले तर अंधारच.

आणखी एक प्रतिसाद

बंद जागेची धास्ती असेल तर आईंना रांगेत शेवटी ठेवा आणि गाइडला आधीच सांगा, मागे फिरणं सोपं जातं. पाठीवर सॅक नको. आत फोटोला मनाई आहे. एकदा मान वर करून छत जरूर बघा. एकावर एक पुढे सरकवलेले दगड, चुना नाही, तरी दालन आजवर कोरडं राहिलंय. बाहेरची पांढरी गारगोटीची भिंत मात्र १९७० च्या दशकात पुन्हा रचलेली आहे आणि तिच्यावर अभ्यासकांत वाद आहे. मला ती जरा जास्तच चकचकीत वाटली.

मूळ धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आजच तीन टूरवाल्यांना ईमेल केले. एकाने दालनाचं स्पष्ट लिहून दिलंय, तिथेच बुक करते. आईला सगळं वाचून दाखवलं. ती विचारतेय, आत अस्थी ठेवलेल्या होत्या ना, मग एखादं फूल वाहिलं तर चालेल का?

प्रतिसाद

हो, दगडी परातींसारख्या पात्रांपाशी मोजक्या माणसांची जळालेली हाडं सापडली होती. पण फूल नको, आत काहीच ठेवायचं नाही. दिवे मालवतात तेव्हा हात जोडू दे त्यांना. माझ्या आईने तेच केलं होतं.