मदत हवी आहे: माणसं वाढली, रिलीज मात्र रखडतात

नमस्कार मंडळी. गोव्यात पर्वरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. लहान-मध्यम हॉटेलांचं बुकिंग-बिलिंग करतो, गिऱ्हाइकं बहुतेक कळंगुट ते काणकोण. आधी आम्ही नऊ होतो, आता साठाच्या घरात. तरी रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती हॉटेलांपर्यंत पोचवणं, रखडतं.

१८ जुलै २०२२ला हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांची जीएसटी सवलत गेली, १२ टक्के लागले. तेव्हा कोड लिहिणारी, तपासणारा आणि हॉटेलवाल्यांचे फोन घेणारा एकाच टेबलाशी. सोमवारी सकाळी नवी बिलं सुरू.

२२ सप्टेंबर २०२५ला ७,५०० पर्यंतच्या खोल्या १२ वरून ५ टक्क्यांवर आल्या, तेही इनपुट क्रेडिटशिवाय (म्हणजे हॉटेलाने खरेदीवर भरलेला कर वजा होत नाही). घोषणा ३ तारखेलाच झालेली, म्हणजे वेळ नव्हता असं नाही. तरी बिलावर ५ आणि मोबाइल ॲपमध्ये १२! बिलिंग, ॲप, रिपोर्ट, टेस्टिंग अशा वेगळ्या टीम, प्रत्येकीची रांग वेगळी. हॉटेलच्या रिसेप्शनवर पाहुणा भांडतोय आणि इथे तिकीट (तक्रारीची नोंद) कोणाचं यावर मीटिंग.

वरून उत्तर येतं, "अजून चार पोरं घ्या." रखडलेल्या कामावर माणसं वाढवली की ते आणखी रखडतं, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स १९७५ मध्येच सांगून गेला. एकमेकांशी बोलायचं तर नऊ जणांत ३६ जोड्या होतात, साठांत १,७७०.

टीम लहान होती तेव्हाचं सगळंच गोड होतं असंही नाही म्हणा. चवथीला (गणेश चतुर्थीला) एकजण गावी गेला की पेमेंटच्या कोडला कोणी हात लावायचं नाही.

अ‍ॅमेझॉनची दोन पिझ्झांत भागेल एवढीच टीम, हे ऐकून आहे. पण टीम लहान करून परवानग्या तेवढ्याच राहिल्या तर काय उपयोग? कोणी टीमची फेरमांडणी केली आहे का? सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद, माडाखालचा:
संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉन्वेने १९६८ मध्ये म्हटलंय तेच झालंय, संस्थेची रचना जशी तसं सॉफ्टवेअर. तुमच्याकडे कराचा दर चार ठिकाणी लिहिलेला असणार. आधी तो एका जागी आणा. मग 'बिलिंग' ही एकच टीम करा, तिच्यात ॲपवाला आणि टेस्टरही बसवा, आणि रिलीजचा निर्णय तिलाच घेऊ द्या. माणसं घेऊ नका तूर्तास.

धागाकर्ता:
चार नाही, तीन ठिकाणी आहे! दर एकत्र आणणं जमेल. पण ॲपच्या लीडला त्याचा माणूस मागायचा कसा? लीडचं मूल्यमापन हाताखाली किती माणसं यावरच होतं. कोणाला अनुभव?