प्रिन्स एडवर्ड आयलंड: ग्रीन पक्षाच्या पीटर बेव्हन-बेकरांच्या कारकिर्दीचं गणित कसं मांडायचं?

कृष्णाकाठ_सांगली (धागाकर्ता)

सांगलीतल्या अभ्यासमंडळासाठी 'छोट्या पक्षाचा नेता' या विषयावर पाऊण तासाचं टिपण करतोय. उदाहरण घेतलंय कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंड प्रांताचं आणि तिथल्या ग्रीन पक्षाचे माजी नेते पीटर बेव्हन-बेकर यांचं. मूळचे स्कॉटलंडचे, पेशाने दंतवैद्य. १९९० च्या दशकापासून हरत आले, २०१२ मध्ये प्रांतिक पक्षाचे नेते झाले, २०१५ मध्ये आमदार आणि २०१९ मध्ये विरोधी पक्षनेते. २०२३ ला पुन्हा घसरण.

अडतंय ते आकड्यांपाशी. विधानसभा २७ जागांची.

२०१५: ग्रीन १०.८ टक्के, जागा १. त्याच वेळी न्यू डेमोक्रॅटिक पक्ष ११ टक्के, जागा शून्य.
२०१९: ग्रीन ३०.६ टक्के, जागा ८.
२०२३: ग्रीन २१.६ टक्के, जागा २. लिबरल १७.२ टक्के, जागा ३, आणि विरोधी पक्षाचा दर्जा लिबरलांना.

कमी मतांच्या पक्षाला जास्त जागा, हे दोनदा झालंय. श्रोत्यांना फळ्यावर कसं समजवायचं? आणि आपल्याकडच्या कशाशी तुलना केली तर ती फसणार नाही?

---

मिरज_जंक्शन

आधी प्रांताचा आकार फळ्यावर लिहा. ते न लिहिता टक्केवारीला हात घातलात तर श्रोते मनात आपला विधानसभा मतदारसंघ धरून बसतील आणि पुढचं सगळं चुकेल. २०२१ च्या जनगणनेत या अख्ख्या प्रांताची लोकसंख्या १,५४,३३१. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची २०११ ची लोकसंख्या पाच लाखांवर. म्हणजे आपल्या महापालिकेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या माणसांची स्वतंत्र विधानसभा, स्वतंत्र मुख्यमंत्री. क्षेत्रफळ मात्र सातारा जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. एका मतदारसंघात साधारण चार हजार मतदार. आपला जिल्हा परिषदेचा एक गटसुद्धा याच्या कित्येक पट मोठा असतो.

याचा अर्थ असा की उमेदवार तिथे प्रत्येक दारात जाऊ शकतो, तेही दोनदा. आपल्याकडे विधानसभेला तीन लाख मतदारांपुढे ते शक्य नाही, म्हणून चिन्ह, कार्यकर्ते, पदयात्रा, साखर कारखान्याचं जाळं लागतं. तिथे माणूस आधी दिसतो आणि पक्ष नंतर.

आता २०१५. बेव्हन-बेकर उभे होते केलीज क्रॉस-कंबरलंड मतदारसंघात. तिथे त्यांना जवळपास ५५ टक्के मतं पडली आणि मंत्री असलेल्या व्हॅलरी डोकर्टी हरल्या. त्यांची स्वतःची मतं दोन हजारांच्या आसपास, पक्षाची प्रांतभरातली सगळी मिळून नऊ हजारांच्या आत. म्हणजे जवळपास चौथा हिस्सा मतं एकाच मतदारसंघात गोळा झाली. न्यू डेमोक्रॅटिकची मतं मात्र बेटभर पातळ पसरलेली, कुठेच पहिला क्रमांक नाही. गूळ एकाच पातेल्यात टाकला तर पाणी गोड होतं, सत्तावीस पातेल्यांत वाटला तर कुठेच चव लागत नाही. फळ्यावर एवढं पुरे.

---

अजिंक्यतारा

मिरजकरांशी सहमत, पण 'माणूस आधी' एवढ्यावर सोडू नका. त्या पट्ट्यात मुद्दाही होता. २०१२ मध्ये तिथल्या लिबरल सरकारने बॉनशॉ, चर्चिल या भागातून महामार्गाची नवी आखणी केली, 'प्लॅन बी' नावाने. झाडं तोडली गेली आणि शरद ऋतूत तिथे आंदोलन झालं. मतदारसंघ हाच, आणि आमदार सत्ताधारी पक्षाच्या. त्याच नोव्हेंबरात बेव्हन-बेकर नेते झाले. रस्त्यामुळेच निवडून आले असं मात्र लिहू नका, तेवढं सिद्ध होत नाही. सत्ताधाऱ्यांवरची नाराजी आणि ओळखीचा पर्यायी चेहरा एकाच ठिकाणी होते, इतकंच लिहा.

दुसरा मुद्दा पाण्याचा, आणि तो आपल्या श्रोत्यांना लगेच कळेल. बेटाचं पिण्याचं पाणी सगळं भूजलावर. तिथे मोठी नदी नाही, धरण नाही. मुख्य पीक बटाटा, खतातला नायट्रेट विहिरीत उतरतो. शेतीसाठी मोठ्या क्षमतेच्या खोल विहिरींवर २००२ पासून बंदी होती, ती उठवावी की नाही यावर वर्षानुवर्षं भांडण. जतला आणि आटपाडीला बोअर किती फूट गेली याची चर्चा ज्यांनी ऐकलीय त्यांना हा वाद परका वाटणार नाही. ग्रीन पक्षाची ओळख तिथे झाडंवाले म्हणून कमी आणि पाणीवाले म्हणून जास्त पटते, असं माझं मत.

मांडणी करताना एक सावधगिरी. ते 'प्रांतातले पहिले तिसऱ्या पक्षाचे आमदार' असं कुठेतरी वाचायला मिळेल, ते चूक. १९९६ मध्ये न्यू डेमोक्रॅटिकचे हर्ब डिकीसन निवडून आले होते. बेव्हन-बेकर दुसरे. पहिले ग्रीन आमदार, हे बरोबर.

---

वारणेचं_पाणी

२०१५ ते २०१९ हा मधला काळ बहुतेक लोक एका ओळीत उरकतात. खरी गंमत तिथे आहे. एकटा आमदार विधानसभेत काय करू शकतो, याचा तो नमुना.

२०१६ मध्ये निवडणूक पद्धतीवर सार्वमत झालं. पाच पर्याय, मतदारांनी पसंतीक्रमाने भरायचे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही मत होतं. फेऱ्या होत होत मिश्र प्रमाणशीर पद्धतीला (काही जागा मतदारसंघांतून, काही पक्षाच्या एकूण मतांच्या प्रमाणात) ५२.४ टक्के मिळाले. पण मतदान ३६ टक्क्यांच्या आसपासच झालं, आणि ते कारण पुढे करून मुख्यमंत्री वेड मॅकलॉकलन यांनी निकाल अमलात आणला नाही. हा कौल पाळा असा ठराव बेव्हन-बेकरांनी मांडला, तो पडला. पडणारच होता, सभागृहात ते एकटे होते. पण लिबरल पक्ष लोकांचा कौल ऐकत नाही, हे विधानसभेच्या नोंदीत गेलं. छोट्या पक्षाच्या आमदाराला ठराव जिंकायला लागतच नाही, मतदान घडवून कोण कुठे उभा राहिला ते नोंदवून घेता आलं तरी पुरतं.

मग २०१७ च्या नोव्हेंबरात शार्लटटाउन-पार्कडेलची पोटनिवडणूक हॅना बेल यांनी जिंकली. एकाचे दोन झाले, आणि दुसरी जागा राजधानीतली. 'एका माणसाचा पक्ष' हा शिक्का इथे पुसला गेला. तुमच्या तक्त्यात ही पोटनिवडणूक नाही, घाला. ती नसेल तर १ वरून एकदम ८ ही उडी जादूसारखी दिसते.

---

कृष्णाकाठ_सांगली

पोटनिवडणूक खरंच सुटली होती, धन्यवाद. २०१९ नंतर ग्रीन आणि पुराणमतवादी (प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाची युती होती असं धरून चाललोय. बरोबर ना?

---

मिरज_जंक्शन

नाही, इथेच घोळ होतो. युती नव्हती.

२३ एप्रिल २०१९ ला मतदान २६ जागांवर झालं. शार्लटटाउन-हिल्सबरो पार्कचे ग्रीन उमेदवार जॉश अंडरहे आणि त्यांचा मुलगा मतदानाच्या चार दिवस आधी होडीच्या अपघातात गेले, म्हणून तिथलं मतदान पुढे ढकललं. निकाल: प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह १२, ग्रीन ८, लिबरल ६. मुख्यमंत्री मॅकलॉकलन स्वतःच्या जागेवर हरले. जुलैत राहिलेली जागाही कॉन्झर्व्हेटिव्हना गेली, म्हणजे १३. बहुमताला १४ लागतात. डेनिस किंग यांचं अल्पमतातलं सरकार, ना खातेवाटप, ना लेखी करार. ग्रीन विरोधी बाकांवरच बसले, फक्त प्रश्नागणिक पाठिंबा किंवा विरोध. कॅनडाच्या कुठल्याही प्रांतात ग्रीन पक्ष अधिकृत विरोधी पक्ष होण्याची ही पहिलीच वेळ.

मतदानाआधीच्या चाचण्यांत ग्रीन पुढे होते, त्यामुळे ८ जागांचा निकाल कुणाला विक्रम वाटला, कुणाला हुकलेली सत्ता. टिपणात दोन्ही लिहा.

अल्पमताचा फायदा काय, ते एका उदाहरणाने सांगा. २०१९ च्या शरद ऋतूतल्या अधिवेशनात ग्रीन आमदार लिन लंड यांचं विधेयक मंजूर झालं आणि २०३० चं हरितगृह वायूंचं लक्ष्य १.४ वरून १.२ दशलक्ष टनांवर आलं. विरोधी बाकावरून कायदा बदलला! आपल्याकडे अशासकीय (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेल्या) विधेयकाचं काय होतं ते सर्वांना माहीत आहे. मात्र २ नोव्हेंबर २०२० ला शार्लटटाउन-विन्स्लोची पोटनिवडणूक कॉन्झर्व्हेटिव्हनी लिबरलांकडून जिंकली, १४ झाले, बहुमत झालं. ग्रीनच्या ८ जागा तशाच, पण त्यांचं वजन त्या रात्री उतरलं. सरकारला आता त्यांची गरज उरली नव्हती.

---

अजिंक्यतारा

२०२३ साठी फळ्यावर दोनच रकाने करा. पहिल्यात मतांची टक्केवारी, दुसऱ्यात जागांची टक्केवारी. कॉन्झर्व्हेटिव्ह ५५.९ आणि ८१ (२७ पैकी २२). ग्रीन २१.६ आणि ७.४. लिबरल १७.२ आणि ११.१. आता हेच २०१९ साठी करा: ग्रीन ३०.६ आणि २९.६. तिरंगी लढतीत तिघेही तिशीच्या आसपास असले की प्रमाण आपोआप जुळतं, एक जण पन्नाशी ओलांडून गेला की बाकीचे चिरडले जातात. २०१९ मध्ये ग्रीन जागा जिंकताना पद्धत त्यांच्या बाजूने होती असं नाही, विरोधक सारखे फाटले होते. छोट्या पक्षांच्या चांगल्या निकालात हे फार वेळा विसरलं जातं.

लिबरलांना कमी मतांत ३ कशा, तर त्यातल्या दोन बेटाच्या पश्चिम टोकाला, टिग्निश-पामर रोड आणि ओ'लिअरी-इनव्हर्नेस. जुने आमदार, जुनी घरं, बांधलेली मतं. त्यांच्या नेत्या शॅरन कॅमेरॉन स्वतः हरल्या तरी पक्ष विरोधी बाकावर पुढे बसला. ग्रीनकडे राहिले बेव्हन-बेकर आणि कार्ला बर्नार्ड, दोघेही पक्के बसलेल्या जागांवर. म्हणजे मिरजकरांचं गुळाचं गणितच, फक्त या वेळी पातेलं लिबरलांचं.

आपल्याशी ताडून बघायचं तर २०२४ ची महाराष्ट्र विधानसभा घ्या. २८८ च्या दहा टक्के म्हणजे २९, आणि विरोधातल्या एकाही पक्षाला तेवढ्या जागा नाहीत, म्हणून विरोधी पक्षनेतेपदावर वाद. तिकडे तीन आमदारांवर ते पद मिळालं.

---

वारणेचं_पाणी

तुलनेबद्दल सावध राहा असं सुचवतो. या भागातले लोक लगेच राजू शेट्टींचं नाव घेतील. शिरोळमधून २००४ ला विधानसभा, मग हातकणंगलेतून २००९ आणि २०१४ ला लोकसभा (इस्लामपूर आणि शिराळा यातच येतात), पुढे २०१९ आणि २०२४ ला पराभव. एक मुद्दा, एक पट्टा, ओळखीचा चेहरा, इथवर जुळतं. पण मतदारांची संख्या जुळत नाही, आणि मुख्य म्हणजे शेट्टींची वाटचाल मोठ्या आघाड्यांत जाण्या-येण्याशी बांधलेली आहे. बेव्हन-बेकरांनी कुणाशी जागावाटप केलं नाही, त्यामुळे त्यांचा चढ-उतार शुद्ध मतांचा दिसतो. तुलना करायचीच तर पट्ट्यापुरती करा आणि तिथेच थांबा.

विशाल पाटलांचं सांगली २०२४ हे उदाहरणही कुणीतरी काढेल. ते अपक्ष होते आणि घराण्याचं, काँग्रेसचं जाळं मागे होतं. छोट्या पक्षाच्या खात्यात ते जमा करू नका.

शेवटाचा भाग तुमच्या टिपणात अर्धवट वाटतो. २०२३ च्या निकालानंतर बेव्हन-बेकर नेतेपदावरून उतरले, कार्ला बर्नार्ड हंगामी नेत्या झाल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये बोर्डन-किंकोराची पोटनिवडणूक मॅट मॅकफार्लेन यांनी ग्रीनकडून जिंकली, आणि २०२५ मध्ये तेच नेते झाले. नेता गेला म्हणून पक्ष संपला नाही, तिसरी जागा त्यांच्याशिवाय आली. पाऊण तासात इतकं बसवायचं तर सार्वमताच्या पाच पर्यायांचं वर्णन गाळा, त्यातच पंधरा मिनिटं जातात.

---

कृष्णाकाठ_सांगली

पाच पर्याय गाळतो. तक्ता सत्तावीस ओळींचा न करता फक्त २०१५, २०१९, २०२३ असे तीन रकाने आणि मध्ये पोटनिवडणुकांच्या दोन खुणा, असा करतोय. शेट्टींचा मुद्दा श्रोत्यांनी काढला तरच घेईन.