मदत हवी आहे: चार प्राथमिक शाळा, ग्रंथपाल एकच

चार प्राथमिक शाळांची ग्रंथालयं माझ्याकडे आहेत. प्रत्येक शाळेत आठवड्यातून एकच दिवस जाणं होतं, एरवी कपाटांना कुलूप. वर्गशिक्षकांकडे देवघेव सोपवून पाहिली, तर वहीत नोंद काय, ‘लाल पुस्तक, दुसरी ब’! मोठ्या वर्गातली मुलं हौसेने मदत करतात. ड्यूईचे आकडे (पुस्तकांचे विषयवार वर्गीकरण क्रमांक) त्यांना झेपेनात, म्हणून पुस्तकांच्या पाठीवर रंगीत पट्ट्या लावल्या. ते मात्र जमलं. चारही शाळांची यादी कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर एकत्र आहे, बारकोडही आहेत. नवीन माणूस मिळणार नाही. मी नसताना स्कॅनर आणि लॉगिन कोणाच्या हाती द्यावं? की पुस्तकांची पेटीच वर्गाच्या नावावर द्यावी? तसं केलं असेल तर हरवलेल्या पुस्तकांची जबाबदारी कोणावर ठेवलीत?