फेव्हरिटवर दुप्पट लावत जा म्हणणाऱ्यांना उत्तर

गोदाकाठ: काल इथे 'पुण्याच्या रेसची हमखास पद्धत' म्हणून पोस्ट आली. पाचशेपासून सुरुवात करा, प्रत्येक रेसला फेव्हरिट, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेत तो घोडा, घ्या, हरलात की दुप्पट लावा, एक लागला की सगळं वसूल. खाली बऱ्याच पोरांनी 'धन्यवाद दादा' लिहिलंय. ते बघून राहवलं नाही.

फेव्हरिट ढोबळमानाने तीनातली एक रेस मारतो. म्हणजे ओळीने सात हरण्याची पाळी साधारण सतरा वेळांत एकदा येणारच, आणि एका दिवसाच्या कार्डातच सात-आठ रेस असतात. सात हरलात की ६३,५०० गेलेले, आणि आठवीला ६४,००० लावायचे. खिशात आहेत? समजा आहेत. आठवा घोडा घट्ट फेव्हरिट, भाव साठ पैसे, म्हणजे जिंकला तर रुपयामागे साठ पैसे नफा. जिंकून मिळाले ३८,४००. तरी २५,१०० खड्ड्यातच. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून ४० टक्के झालाय, तोही पैजेच्या रकमेवर. टोटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या पैजा एका गल्ल्यात जमतात तिथे, कमिशन आधी कापतात आणि उरलेलं वाटतात. यातून दुप्पट लावून वर येणारा मला दाखवा.

सिडकोवाला: पोस्ट माझी आहे, म्हणून मीच बोलतो. तुम्ही रेसला मटक्याच्या रांगेत बसवताय. १९९६ साली लक्ष्मणन खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, रेस हा कौशल्याचा खेळ. आम्ही ट्रॅक किती कडक-मऊ ते सांगणाऱ्या पेनिट्रोमीटरचं रीडिंग बघतो, ट्रॅक जड आहे का बघतो, घोडे बरोबरीत यावेत म्हणून हँडिकॅपमध्ये वजन किती पडलं, जॅकी बदलला का, सगळं बघतो. नाशिकहून पुण्याला निघालो की संगमनेर मागे पडेपर्यंत गाडीत रेसचं पुस्तक पाठ झालेलं असतं.

गोदाकाठ: मग ते पोस्टमध्ये कुठे आहे? तिथे तर डोळे झाकून फेव्हरिट घ्या म्हटलंय. कोर्टाने कौशल्य रेसमध्ये आहे म्हटलं, दुप्पट लावण्यात नाही.

मखमलाबादची ताई: माझ्या दिरांनाही वजन, जॅकी, ट्रेनर सगळं तोंडपाठ होतं. हरले की एकच वाक्य, 'आज वसूल करूनच येतो.' गंगापूर रोडचा प्लॉट गेला, जावेचे दागिने गेले. घरात अजून कुणी शर्यतीचं नाव काढत नाही. तुमचं कौशल्य राहू द्या बाजूला, पोरांना हे शिकवू नका.

पंचवटीकर: ताई, वाईट वाटलं. पण फक्त रेसलाच का झोडपायचं? आपल्या जिल्ह्यात द्राक्षबाग म्हणजे तरी काय? छाटणी करायची आणि आभाळाकडे बघत बसायचं. तोही सट्टाच.

बागाईतदार निफाड: सट्टा? कुणाला म्हणताय? छाटणी, घड संजीवकात बुडवायचं डिपिंग, मणी विरळ करायचं थिनिंग, डावणी रोगाची फवारणी, रात्री बारा वाजता पाऊस आला की फवारणीचा ब्लोअर घेऊन बागेत. मणी तडकले तर वर्ष गेलं. तरून गेलो तर व्यापारी गाड्या भरून नेतो आणि फोन बंद करतो. आमच्या गल्लीतल्या तिघांचे पैसे एकाच व्यापाऱ्याने बुडवले. तुम्ही शहरात बसून याला सट्टा म्हणणार?

पंचवटीकर: आवाज खाली. मीही शेतकऱ्याचाच मुलगा. बागलाणात जुलै-ऑगस्टला आगाप, म्हणजे हंगामाआधीची, छाटणी करतात, भर पावसात, का? भाव जास्त मिळतो म्हणून. जाणूनबुजून धोका घेतलाच ना?

बागाईतदार निफाड: घेतला. पण आगाप माल बाजारात कमी असतो, म्हणून भाव मिळतो हे त्याला ठाऊक असतं. आणि बाग गेली म्हणून पुढच्या वर्षी दुप्पट एकरांत कर्ज काढून लावत नाही कुणी. निम्मी मोडतो, मका करतो. तुमच्या रेसवाल्याला एवढं तरी कळू द्या.

पंचवटीकर: सट्टा हा शब्द मागे घेतो. धोका आहे, यावर मात्र ठाम आहे.

सिडकोवाला: बरं. दुप्पटची ओळ काढतो. पण अभ्यासाने पैसे मिळत नाहीत हे कबूल करणार नाही. हाँगकाँगला बिल बेंटर या अमेरिकन पैजवाल्याने रेसवरच अफाट कमावले.

गोदाकाठ: कमावले, मान्य. पण कसे? संगणकावर प्रत्येक घोड्याची जिंकण्याची शक्यता काढायची, आणि टोटचा भाव त्या शक्यतेच्या मानाने जास्त असेल तरच लावायचं. तेही भांडवलाचा लहानसा हिस्सा, पैज किती लावायची ते सांगणाऱ्या १९५६ च्या केलीच्या सूत्राच्या हिशेबाने. त्यात भांडवल घटलं की पैज घटते. तुम्ही हरल्यावर वाढवायला सांगत होतात. बरोबर उलटं.

मखमलाबादची ताई: नुसती ओळ काढून भागणार नाही. ज्यांनी 'धन्यवाद' लिहिलं त्यांना नाव घेऊन सांगा.

सिडकोवाला: सांगतो, ताई. प्रत्येकाला टॅग करतो. रविवारी पुण्याला मात्र जाणार, आणि एका रेसला जेवढं ठरवलंय तेवढंच लावणार.