तंबाखू नको, पण नुसती सुपारी चालते?

दर्याकाठ: मासे-भात, सोलकढी आणि बागेतली मेहनत असलेल्या कोकणी माणसाला कर्करोगाची भीती नाही, असे काल येथे कोणीतरी ठामपणे लिहिले. ते वाचून मला राहवले नाही. साधा आहार आणि अंगमेहनत यांचा उपयोग आहेच; परंतु जेवण उरकताच पानसुपारीची चंची पुढे ओढणाऱ्याला सोलकढी वाचवणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच तंबाखूविरहित पान आणि नुसती सुपारी, दोन्ही कर्करोगकारक ठरवली आहेत. तंबाखू सोडली म्हणून दिवसभर सुपारीचे खांड चघळणारे आमच्या वाडीत घरोघरी आहेत.

रोठेवाला: श्रीवर्धनी रोठ्यावर, म्हणजे आमच्याकडच्या सुपारीवर, आमच्या तीन पिढ्या जगल्या. माझे आजोबा रोज पान खात आणि ८८व्या वर्षी वार्धक्याने गेले. २०२०च्या निसर्ग वादळात आमच्या पोफळी आडव्या झाल्या. नवी रोपे फळाला यायला वर्षे लागतात, आणि आता तुम्ही फळालाच विष म्हणता. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असूनही तो टपरीवर मिळतो, त्यावर आधी बोला.

खाडीपलीकडचा: कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडीतले मासे मरतात, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. दोष मात्र गरिबाच्या पानाला!

दर्याकाठ: सांडपाण्याविरुद्ध मीही सही केली आहे, म्हणून तोंडातली सुपारी निर्दोष ठरत नाही. आणि रोठेवाले, तुमचे आजोबा जगले म्हणून सांगता. जे पन्नाशीत गेले, त्यांचे दाखले द्यायला कोण उरले आहे?

रोठेवाला: माझ्या आजोबांना यात ओढू नका.

माहेरवाशीण: भांडण बाजूला ठेवून माझे ऐका. माझ्या भावाने तंबाखूला कधी हात लावला नाही, केवळ सुपारी. आधी साधी आमटीही तोंडाला झोंबू लागली, मग गाल आतून ताठ झाले. आपली तीन बोटे उभी तोंडात जायला हवीत. त्याची दोनच जात. गणपतीत त्याने मोदक चमच्याने मोडून खाल्ला, तेव्हा आई उठून स्वयंपाकघरात गेली. डॉक्टरांनी सांगितले की, आलेला ताठरपणा पूर्ण जात नाही. सुपारी सोडून नियमित तपासणी करायची, कारण याच जागी पुढे कर्करोग होऊ शकतो. आमच्या वाडीतल्या बायका मिश्री लावतात, त्यांनीही हे वाचावे. ती भाजलेली तंबाखूच आहे.

रोठेवाला: ताई, रात्री तुमची तीन बोटे करून पाहिली. माझी गेली. मुलाचे तिसरे बोट अडले. त्याच्या दप्तरात खांडाच्या पुड्या सापडल्या. सोमवारी त्याला दाखवायला नेतो. सुपारी पूजेच्या तबकात राहील, तोंडात नको, एवढे मान्य करतो. बाग मात्र तोडणार नाही. तोडा म्हणणाऱ्यांनी त्या जागी काय लावायचे ते आधी सांगावे.

दर्याकाठ: बाग तोडा असे मी म्हटले नव्हते. सोमवारी काय झाले ते मात्र कळवा.