प्रतिसाद: उजेडाने गाठ जळते म्हणजे नेमकं काय?

‘इंजेक्शन घ्या, लाल उजेड पाडा, गाठ जळते, चिरफाड नाही,’ असं तोंडाच्या कॅन्सरवरच्या उजेडाच्या उपचाराबद्दल (फोटोडायनॅमिक थेरपी) वर यवतमाळकडच्या दादांनी लिहिलंय. खोटं नाही, पण अर्धंच आहे. उजेड काहीच जाळत नाही. पोर्फिमरसारखं औषध पेशींत साठतं. ४०-५० तासांनी ६३० नॅनोमीटरचा लाल लेसर पडला की ते तिथल्याच ऑक्सिजनला चेतवतं आणि त्यात पेशी मरतात. हा उजेड मांसात जेमतेम सेंटिमीटरभर शिरतो. गालातला वरवरचा चट्टा असेल तर ठीक, पण मानेत गाठ उतरली असेल तर याच्या भरवशावर बसू नका.

खरी पंचाईत नंतरची. औषध कातडीतही राहतं, किमान ३० दिवस उन्हापासून जपावं लागतं. सनस्क्रीन चोपडून भागत नाही, कारण औषध दिसणाऱ्या उजेडानेच चेततं. आता कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्याकडचा माणूस महिनाभर वावरात न जाता राहील? (माझे काका तर नाहीच राहणार.) अंधाऱ्या खोलीतही कोंडायचं नाही बरं, घरातल्या साध्या उजेडात औषध हळूहळू निष्क्रिय होतं.

आधी चट्ट्याचा तुकडा तपासायला द्या. अन् खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाऊन तोंड दोन बोटंही उघडत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा, लेसरची नळी आत न्यायला जागा लागते.