मदत हवी: एकच सोर्स, दोन मशीन, फाइलच्या की वेगळ्या

अर्धविराम: एकच प्रोग्राम दोन मशीनवर चालवायचाय. ग्राहक फाइलची की, म्हणजे ज्या फील्डवरून रेकॉर्ड शोधतो ती, एकीकडे नुसता ग्राहक क्रमांक, दुसरीकडे कंपनी कोडपण. सोर्सच्या दोन प्रती नकोत, प्रत्येक दुरुस्ती दोनदा करून वैताग आलाय. उद्या द्यायचंय. काय करू?

निवांत: भाषा कुठली, मशीन कुठलं?

अर्धविराम: भाषा आरपीजी, मशीन आयबीएमचं एएस/४००. दुसरं काय असणार!

काळीमांजर: एनक्रिप्शनची की प्रत्येक सर्व्हरवर वेगळीच असावी. सोर्समध्ये तर कधीच लिहू नये.

निवांत: ती की नव्हे हो.

जुनंखोड: दोन्हीकडे एकाच नावाची, सारख्या कीची लॉजिकल फाइल (मूळ फाइलमधला डेटा हव्या त्या कीने दाखवणारी) करा. प्रोग्रामला हात लावायला नको. आम्ही वर्षानुवर्षं हेच करतो.

अर्धविराम: जुन्या मशीनवर कंपनी कोड हे फील्डच नाहीये.

जुनंखोड: हे आधी सांगायचं ना!

टेबलवाला: एसक्यूएल वापरा. जुन्या मशीनवर व्ह्यू (फाइलवरचं आभासी टेबल) करून कंपनी कोडचा ठरावीक कॉलम त्यात घाला. आता चेन (कीवरून थेट रेकॉर्ड वाचणं) कोण करतं?

जुनंखोड: आम्ही करतो. व्ह्यूला की नसते, त्यावर चेन होत नाही. म्हणजे अख्खा प्रोग्राम उद्यापर्यंत नव्याने लिहायचा?

घाईत: लेव्हल चेक (फाइलची रचना जुळते का ही तपासणी) बंद करा, तोच ऑब्जेक्ट (कंपाइल केलेला प्रोग्राम) तिकडे टाका. झालं.

निवांत: अजिबात नको! फील्ड सरकतील आणि नावाच्या जागी भलतंच काही वाचलं जाईल. सोर्स न्या, तिथल्याच फाइलवर कंपाइल करा. कीचा फरक स्लॅश-इफ-डिफाइंडमध्ये (ठरावीक नाव दिलं असेल तरच कंपाइल होणाऱ्या ओळींत) घाला, ते नाव कंपाइल कमांडच्या डिफाइन पॅरामीटरमधून द्या, फक्त नव्या मशीनवर. कंपनी कोड कीमध्ये आधी आहे की नंतर?

अर्धविराम: नंतर. काय फरक पडतो?

निवांत: खूप. कीचा पहिलाच भाग दिला तरी चेन निमूट चालते, कंपाइलर हूं की चूं करत नाही. त्या क्रमांकाचा पहिला रेकॉर्ड येतो, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. एखादी चेन इफमधून सुटली तर बिल भलत्यालाच जाईल. रीडई (त्याच कीचा पुढचा रेकॉर्ड वाचणं) तेसुद्धा तपासा.

अर्धविराम: रीडई ढीगभर आहेत. सगळीकडे इफ घालत बसू?

जुनंखोड: केलिस्ट (कीच्या फील्डची यादी) आहे का?

अर्धविराम: हो, एकच. सगळे तीच वापरतात.

जुनंखोड: मग रडताय कशाला? केलिस्टमधली कंपनी कोडची केफील्ड ओळ तेवढी इफमध्ये घ्या. चेन, रीडई जसेच्या तसे. त्या फील्डमध्ये कोड भरणारी ओळही इफमध्येच, नाहीतर जुन्या मशीनवर फील्ड सापडत नाही म्हणून कंपाइल अडेल.

टेबलवाला: केलिस्ट अजून जिवंत आहे?